गॅस गेला कुठे?

एप्रिल उजाडला की ठाण्या-पुण्यातल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. एसीची सर्व्हिसिंग उरकत आलेली असते. कारागीर आउटडोअर युनिटला गेज लावतो, काटा बघतो आणि म्हणतो, "मॅडम, गॅस कमी झालाय. भरून घ्या, नाहीतर कंप्रेसर जाईल." पाच-सहाशेत व्हायचं काम तीन हजारांच्या पुढे जातं. बाहेर ऊन रणरणत असतं, आत आजारी सासरे झोपलेले असतात, मुलं शाळेतून यायची वेळ झालेली असते. घरातलं माणूस "भरा" म्हणून मोकळं होतं. तो गॅस गेला कुठे, हे विचारायचं मात्र राहून जातं.

एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो तांब्याच्या बंद नळीत फिरत असतो. खोलीतल्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होताना तो उष्णता शोषतो. कंप्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या कॉइलमध्ये ढकलतो आणि तिथे उष्णता सोडून तिचा पुन्हा द्रव होतो. मशीन दहा वर्षं चाललं तरी कारखान्यात भरलेला गॅस तेवढाच राहायला हवा. तो कमी झाला असेल तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा नळीला छिद्र पडलं आहे. ते न बुजवता वरून गॅस भरला तर तो काही आठवड्यांत, फार तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, पुन्हा निघून जाणार. तिसरी शक्यता अशी की गॅस मुळात कमी झालेलाच नाही. हेही अनेकदा घडतं, आणि दर वेळी त्यात लबाडी असतेच असं नाही.

कारण काटा फसवतो. सक्शनच्या बाजूचा दाब फक्त गॅसच्या प्रमाणावर ठरत नाही. खोली किती तापली आहे, बाहेर किती ऊन आहे, कॉइलवरून हवा किती जाते आहे, या सगळ्यावर तो हलतो. फिल्टर धुळीने बुजला, कॉइलवर मळाचा थर बसला, की हवा कमी जाते आणि दाब खाली येतो. गेजवर ते चित्र गॅस कमी असल्यासारखंच दिसतं. नळीवर बर्फ धरतो, तोही दोन्ही कारणांनी. म्हणून धुण्याच्या आधी घेतलेल्या दाबाला काही अर्थ नाही. आधी मशीन धुवायचं, पंधरा-वीस मिनिटं चालवायचं आणि मगच गेज लावायचं. इन्व्हर्टर मशीनमध्ये तर कंप्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे दोन मिनिटांपूर्वीचा आकडा आणि आत्ताचा आकडा वेगळा येतो. नुसता काटा पाहून ‘इतका टाकला, बस’ असं म्हणणं हा अंदाजपंचे कारभार झाला.

गॅस ही वजनावर भरायची वस्तू आहे. आउटडोअर युनिटच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. आजच्या दीड टनाच्या घरगुती स्प्लिटमध्ये आर-३२ साधारण सहाशे ते नऊशे ग्रॅम असतो. त्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. कारागीर आला की "किती ग्रॅम भरणार?" एवढंच विचारा. प्रामाणिक कारागिराला हा प्रश्न आवडतो, कारण आपलं काम समोरच्याला कळतंय हे त्याला दिसतं.

नीट केलेली गळतीची दुरुस्ती कशी असते, हे एकदा पाहून ठेवण्यासारखं आहे. ठाण्यात खाडीकडच्या एका इमारतीत मी ती शेवटपर्यंत उभं राहून पाहिली. कारागीर चाळिशी ओलांडलेला, मूळचा आझमगडचा, मराठी स्वच्छ बोलणारा. त्याने गेज बाहेर काढण्याआधी आउटडोअरच्या जोडांवर टॉर्च मारला. दोन पितळी नटांपैकी जाड नळीच्या नटाखाली धूळ काळी, ओलसर दिसत होती. त्याने बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. बोटाला तेल लागलं होतं. कंप्रेसरचं तेल गॅसबरोबर नळीतून फिरतं, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे तेलाचा डाग पडतो.

तरी तो डागावर विसंबला नाही. उरलेला गॅस काढून घेतल्यावर त्याने नळीत नायट्रोजन भरला आणि भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशने सगळ्या जोडांना लावला. त्या नटाच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. मशीन बसवताना नळीचं तोंड वाकडं फाकवलं होतं, त्याची ही शिक्षा. त्याने दोन इंच नळी कापली, तोंड नव्याने फाकवलं, त्यावर तेलाचा थेंब सोडला आणि दोन पान्यांनी नट आवळला. पुन्हा नायट्रोजन. अर्धा तास काटा जागचा हलला नाही, तेव्हा कुठे व्हॅक्यूम पंप लागला. नळीत हवा आणि ओल राहिली तर ती कंप्रेसर खाते, म्हणून हा पंप निदान वीस मिनिटं तरी चालायला हवा. सगळ्यात शेवटी सिलिंडर डिजिटल काट्यावर उभा केला आणि पट्टीवरच्या आकड्याइतके ग्रॅम उतरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवला. जवळजवळ तीन तास गेले.

याच दुरुस्तीची चुकीची आवृत्ती पंधरा मिनिटांत होते आणि पैसे तेवढेच घेतले जातात. नायट्रोजन नाही, फेस नाही, पंप नाही. काही ठिकाणी नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन वापरतात. हा प्रकार जीवघेणा आहे. कंप्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. कुणी ऑक्सिजनची टाकी घेऊन प्रेशर टेस्ट करायला निघाला तर काम तिथेच थांबवा. आर-३२ स्वतःही थोडा ज्वलनशील आहे, म्हणून वेल्डिंग करण्याआधी नळी पूर्ण रिकामी हवी आणि दारं-खिडक्या उघड्या हव्यात.

खाडीकाठच्या, नाल्याकाठच्या घरांचं दुखणं आणखी वेगळं आहे. साचलेल्या मैलापाण्यातून हायड्रोजन सल्फाइड उठतो आणि तांब्याला लागतो. कॉइल काळपट पडते आणि तिला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. किनाऱ्यावरची खारी हवा आउटडोअरचा पत्रा आणि ॲल्युमिनियमच्या पात्या खाते. ठाणे खाडी, माहीम, मिठी नदीचा काठ, वसईची बाजू इथल्या रहिवाशांनी एसी घेताना तारांकनाइतकंच कॉइलच्या वॉरंटीकडे लक्ष द्यावं. ‘ब्लू फिन’ म्हणून ज्याची जाहिरात होते तो लेप बहुधा पात्यांवर असतो. तांब्याचे वाकलेले कोपरे उघडेच राहतात, आणि गळती नेमकी तिथे होते. तांब्यावरही लेप आहे का, कॉइलची वॉरंटी किती वर्षांची आणि त्यात गॅस व मजुरी धरली आहे का, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. पाच वर्षांची वॉरंटी फक्त सुट्या भागापुरती असेल, तर कॉइल फुकट मिळूनही गॅस, मजुरी आणि येण्याजाण्याचे चार-पाच हजार खिशातूनच जातात.

आता दरांकडे येऊ. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात स्प्लिट एसीची साधी जेट सर्व्हिस साधारण पाचशे ते आठशे रुपयांत होते. आर-३२ पूर्ण भरायला अडीच ते साडेतीन हजार पडतात, गळती शोधून जोडायचे त्यावर हजारभर. जुनं मशीन काढून दुसऱ्या घरी बसवायला दोन ते तीन हजार, तांब्याची नळी वाढली तर मीटरमागे वेगळे. आउटडोअरचा कपॅसिटर बदलायला पाच-सातशे रुपये घेतात. इन्व्हर्टरचा पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, दुरुस्तीला दोन-तीन हजार आणि नवा घेतला तर सहा ते बारा हजार. नागपूर-नाशिकला हे आकडे थोडे उतरतात, एवढंच.

यातला पहिला आकडा नीट पाहा. जाहिरातीत ४९९ रुपयांत सर्व्हिस मिळते. दुरुस्तीच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. तो आतच धरला असेल तर हातात येतात ४२३ रुपये. त्यातून कंपनीचं किंवा ॲपचं कमिशन जातं. मग पेट्रोल, जेट पंपाची झीज, सोबतच्या पोराची मजुरी. ट्रॅफिक धरून दीड-दोन तासांच्या कामाला जे उरतं त्यात कोणाचंही घर चालत नाही. चालतं ते गॅसवर, कपॅसिटरवर, ‘पीसीबी गेलाय’ या शब्दांवर. सुट्या भागांवर आणि गॅसवर कारागिराला टक्का मिळतो, सर्व्हिसवर जवळजवळ काही नाही. आपणच ही व्यवस्था उभी केली आहे. धुण्याच्या मजुरीला आपण घासाघीस करतो आणि धास्तीपोटी गॅसचे तीन हजार मुकाट मोजतो. मला विचाराल तर सर्व्हिसिंगला हजार रुपये सरळ द्यावेत, आणि तपासायला लागलेल्या वेळाचेही द्यावेत, म्हणजे ‘गॅस ठीक आहे’ असं सांगणं त्याला परवडेल.

या माणसाची जोखीमही आपण हिशेबात धरत नाही. बिल्डर आउटडोअरसाठी जागा सोडतात ती कशी? कुठे टॉयलेटच्या डक्टमध्ये, कुठे खिडकीबाहेरच्या नऊ इंची छज्ज्यावर, कुठे उघड्या भिंतीवर लोखंडी स्टँडवर. अकराव्या मजल्यावर चपला काढून, एका हाताने ग्रिल धरून काम करणारा कारागीर कोणत्याही मोठ्या सोसायटीत दिसतो. कमरेला पट्टा क्वचित असतो. स्टँडचे नटबोल्ट पाच-सात पावसाळ्यांत गंजतात, तेव्हा दोन-तीन वर्षांनी ते तपासून घेणं हा सर्व्हिसिंगचाच भाग आहे. सोसायटीने गच्चीवर दोर बांधायचे हूक आणि दोन चांगले पट्टे घेऊन ठेवले तर खर्च सगळ्यांत वाटून किरकोळ पडतो. माणूस पडल्यावर जी चौकशी होते त्यापेक्षा हे फार स्वस्त आहे.

डक्टचं आणखी एक आहे. एकाच अरुंद डक्टमध्ये एकावर एक दहा आउटडोअर लावले की खालच्याची गरम हवा वरचा ओढून घेतो. वरच्या मजल्यावरच्या मशीनला अठ्ठेचाळीस-पन्नास अंशांच्या हवेत उष्णता सोडावी लागते. ते थकतं, वीज खातं, कूलिंग देत नाही, आणि तिथेही निदान होतं, ‘गॅस कमी’. खरा उपाय युनिटची जागा बदलणं हा असतो. नवं घर घेताना सॅम्पल फ्लॅटच्या टाइल्सपेक्षा आउटडोअरची जागा बघा. तिथे माणूस उभा राहू शकेल का, समोर मोकळी हवा आहे का? पुढच्या पंधरा वर्षांचा सर्व्हिसिंगचा खर्च त्यावर ठरतो.

घरच्या घरी करायचं काम थोडं आहे आणि फुकट आहे. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी फिल्टरची जाळी नळाखाली धुऊन सावलीत वाळवावी. मशीन वीस मिनिटं चालल्यावर आत खेचल्या जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान साध्या डिजिटल थर्मामीटरने मोजावं. आठ ते बारा अंशांचा फरक येत असेल तर गॅसबद्दल बहुधा चिंता नको. रिमोटवर २४ अंश पुरतात. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ वरच असावा असा नियम केला, आणि एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ब्युरोचं म्हणणं आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दराची पायरी चढते, त्यामुळे मे महिन्यात शेवटची साठ-सत्तर युनिटं सगळ्यात महाग पडतात. तुंबलेला फिल्टर नेमकी तीच युनिटं खातो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत एवढंच सांगतो, की बदललेला भाग परत मागा. पावसाळ्यात आउटडोअरच्या पीसीबीवर पाल चिकटून मरते, मुंग्या वारूळ करतात, व्होल्टेज उसळून ट्रॅक जळतो. हे सगळं डोळ्यांना दिसतं. जळका पीसीबी दाखवता येत नसेल तर तो जळलेला नसावा. कंपनीबाहेर पीसीबी दुरुस्त करणारे हुशार लोक प्रत्येक शहरात आहेत, वॉरंटी संपली असेल तर आधी त्यांच्याकडे जावं.

वार्षिक करार, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, दोन तऱ्हांचा असतो. साध्या करारात दोन-तीन धुणी आणि फुकट व्हिजिट, वर्षाला दीड-दोन हजार. कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात सुटे भाग येतात आणि रक्कम दुप्पट-तिप्पट होते. मशीन नवं असताना दुसरा करार घेऊ नये, कारण वॉरंटी चालूच असते. आठ वर्षांनंतरही विचार करावा, कारण तितक्या पैशांत नव्या मशीनचा मोठा हप्ता सुटतो. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून हा हिशेब नव्याच्या बाजूने आणखी झुकला आहे. मधल्या वर्षांत, त्यातही खाडीकाठी, गॅस आणि कॉइल धरलेला करार फायद्याचा ठरतो. ‘धरलेला’ हे कागदावर वाचून घ्या.

विदर्भात गोष्ट वेगळी. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला मार्च सरता सरता माळ्यावरून कूलर उतरतो. कोरड्या हवेत पाण्याचं बाष्प होऊन गारवा येतो, वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या ताट्या बदलायला काही शे रुपये लागतात आणि पाण्याचा पंप तीन-चारशेत मिळतो. मुंबईच्या दमट हवेत कूलर निरुपयोगी, पण नागपूरला तो एसीच्या जवळपास दशांश विजेत घर राहण्याजोगं करतो. त्यावर खर्च करायचा तर अर्थिंगवर करा. लोखंडी पत्रा, ओली फरशी आणि पंपाची जुनी वायर या त्रिकुटाने विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात, त्यांत कूलरमध्ये पाणी ओतायला गेलेली मुलं आणि बाया असतात. हंगामाच्या सुरुवातीला इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या, लाइनवर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपचा आरसीसीबी बसवा आणि प्लग काढल्याशिवाय टाकीला हात लावू नका. टाकी आठवड्याला कोरडी करा, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.

थंडीत हेच दुर्लक्ष गिझरच्या वाट्याला येतं. आपल्याकडे घर तापवायची यंत्रं नाहीत, तापवायचं ते पाणी. पुण्याच्या उपनगरांत, संभाजीनगरला, सोलापूरला बोअरचं नाहीतर टँकरचं जड पाणी येतं. त्यातला क्षार एलिमेंटवर पांढऱ्या दगडासारखा साचतो. पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढतं आणि शेवटी एलिमेंट फाटतो. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजण्यापासून वाचवते. जड पाण्यात ती दर एक-दोन वर्षांनी बदलावी लागते. काही शे रुपयांची ही कांडी बहुतेक घरांत कधीच बदलली जात नाही, आणि मग सहाव्या वर्षी टाकी गळते, दहा हजारांचा गिझर भंगारात जातो. क्षार काढणं, कांडी, थर्मोस्टॅटची तपासणी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा करणं, हे सगळं हजार-दीड हजारात होतं. व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याच्या तोंडाला बूच मारणारे प्लंबर मी पाहिले आहेत. असं कुणाला करू देऊ नका, वाढलेला दाब बाहेर पडायची ती एकमेव वाट असते.

गॅस गिझरबद्दल तर हात जोडून सांगावंसं वाटतं. बंद बाथरूममध्ये तो ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळीला गेलेली तरुण माणसं आतल्या आत गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा, आणि वर्षातून एकदा बर्नर साफ करून ज्योत निळी आहे की पिवळी हे बघून घ्या. जागा बदलायला जो खर्च येईल तो याच हिवाळ्यात करा.

पुन्हा एसीकडे वळतो, कारण निसटलेला गॅस आपल्या खोलीबाहेर जाऊन संपत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-३२ कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट उष्णता धरतो, जुना आर-४१०ए दोन हजार पटींहून जास्त. एका घरगुती मशीनमधला पाऊण किलो आर-३२ हवेत सोडला तर अर्धा टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. २०१६ च्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, त्यानुसार अशा वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवून २०३२ पासून कमी करायचा आहे. मार्च २०१९ च्या राष्ट्रीय कूलिंग आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख कारागिरांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. कागदोपत्री हे सगळं चांगलं आहे. पण दर वर्षी गळका एसी भरून घेणारं प्रत्येक घर त्या कराराच्या उलट दिशेने पैसे मोजतं. हंगामाच्या घाईत मशीन हलवताना गॅस नुसता फुस्सकन सोडून देतात, तेव्हा "पंपडाऊन करा" एवढं म्हणा. कंप्रेसर चालवून सगळा गॅस आउटडोअरमध्येच कोंडून ठेवता येतो, दहा मिनिटं लागतात, आणि दुसऱ्या घरी नवा भरायचा खर्चही वाचतो.

बिल मागायला संकोच करू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर गॅसचं नाव, भरलेले ग्रॅम, बदललेला भाग आणि किती दिवसांची हमी, हे लिहून घ्या. तीन महिन्यांत गॅस पुन्हा गेला तर हाच कागद कामी येतो. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक, तरीही दाद लागली नाही तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या सेवेच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

आणि हे सगळं एप्रिलपर्यंत लांबवू नका. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत कारागिरांच्या हाताला काम नसतं. निम्मे गावी जातात, उरलेले दिवसाला एखाद-दुसऱ्या फोनची वाट बघतात. त्या दिवसांत बोलावलं तर दर उतरतात, शिवाय नायट्रोजनचा दाब अर्धा तास धरून बसायला त्यांच्याकडेही सवड असते. फक्त हवा फार गार नसलेली दुपार निवडा, म्हणजे मशीन पूर्ण ताकदीने चालवून तपासता येईल.